ऐकणारा कोण? : आमच्या चळवळीच्या बोलण्याचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळातली पोरे आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर लिहा." आम्ही गिरणी कामगार. शिक्षण जेमतेम नववी. जे काही वाचले ते रात्रपाळी करून, दिवसाची झोप मोडून वाचले. तरीही हो म्हटले, कारण एक विषय गेली काही वर्षे आमच्या डोक्यात घोळत आहे. तो डोक्यात कसा शिरला ते आधी सांगावे लागेल. त्यात आमचीच फजिती आहे, पण स्वतःची फजिती लपवून दुसऱ्यांचा इतिहास सांगणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी वर्षावासात एका पौर्णिमेला विहारात प्रवचन देण्याची पाळी आमच्यावर आली. विषय घेतला प्रतीत्यसमुत्पाद. महिनाभर टिपणे काढली, बारा निदाने तोंडपाठ केली आणि सव्वा तास बोललो. समोर कोण बसले होते? दिवसभर भांगलण करून आलेल्या, दुसऱ्यांची धुणीभांडी करून आलेल्या आयाबाया. सेंट्रिंगच्या कामावरून तसेच आलेले दोन-चार गडी. आईच्या मांडीवर पेंगणारी पोरे. शेवटी "साधू, साधू, साधू" झाले आणि आम्ही फुगून खाली बसलो. खीर वाटप चालू असताना एक म्हातारी जवळ आली. आमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लेकरा, लई शिकल्यालं बोललास बघ. पर ह्यातलं आमी घरला काय न्यायाचं, तेवढं सांग की."

आम्हाला उत्तर देता आले नाही. सव्वा तास बोललेल्या माणसाला दोन वाक्ये सुचेनात.

त्या रात्री तिसरी पाळी होती. ज्यांनी सूतगिरणी आतून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की रिंग फ्रेमच्या खात्यात आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे कानात शिरत नाही. नवीन लागलेला पोरगा पहिले आठ दिवस ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. जुना कामगार ओरडत नाही. तो समोरच्याच्या नजरेस येतो आणि हाताने खूण करतो. धागा तुटला, बॉबिन भरली, जॉबर आला, चहाला चल, प्रत्येकाची खूण ठरलेली. म्हणजे गिरणीत आम्ही रोज हेच करत होतो. समोरच्याला काय ऐकू येते, काय दिसते, हे आधी बघायचे आणि मग सांगायचे. विहारात मात्र आम्ही त्या नव्या पोरासारखे ओरडत बसलो होतो.

आपल्याकडे ऐकणाऱ्याला नावे ठेवणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. पालथ्या घड्यावर पाणी, गाढवापुढे वाचली गीता. घडा पालथा कोणी घातला हे कोणी विचारत नाही. ज्यांनी हजारो वर्षे विद्या कुलपात ठेवली त्यांना अशा म्हणी सोयीच्या होत्या. आपल्या परंपरेतली माणसे यापेक्षा वेगळी वागली, आणि कशी वागली ते शोधण्यासाठी आम्ही तीच जुनी पुस्तके पुन्हा नव्या नजरेने वाचू लागलो.

सुरुवात तथागतांपासूनच करावी लागते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोघे भाऊ भिक्खू झाले होते. जन्माने ब्राह्मण, बोलण्यात तरबेज. त्यांनी भगवंतांकडे तक्रार केली की नाना जातींचे, नाना देशांचे लोक संघात आले आहेत आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवत आहेत. तेव्हा ते छंदात, म्हणजे वेदांच्या घाटाच्या भाषेत, बांधून ठेवावे. भगवंतांनी त्यांना चांगले फटकारले आणि नियमच करून टाकला की बुद्धवचन आपापल्या बोलीत शिकावे. "आपापल्या" म्हणजे कोणाच्या, बुद्धांच्या की शिकणाऱ्यांच्या, यावर पंडितांत वाद आहे. आम्ही पंडित नाही. पण तक्रार होती बोलींबद्दल आणि ती फेटाळली गेली, एवढे त्यात स्वच्छ आहे.

आम्हाला सर्वांत जास्त आवडते ती आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट. ती धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. आळवी नगरात एक गरीब शेतकरी होता. भगवंत येणार म्हणून ऐकायला निघाला, तेवढ्यात त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार टळली. बैल सापडल्यावर, पोटात काही नसताना, तसाच तो धावत सभेला आला. इकडे भोजन उरकले होते आणि सगळे उपदेशाची वाट पाहत होते. भगवंत मात्र गप्प बसून होते. तो आल्यावर त्यांनी विचारले, भिक्षुसंघाला वाढून काही उरले आहे का? उरले होते. आधी ह्याला जेवू घाला, असे सांगितले. त्याचे पोट भरल्यावर उपदेशाला सुरुवात केली. परतीच्या वाटेवर भिक्खूंत कुजबुज झाली, की भगवंत कधी कोणाच्या जेवणाची अशी चौकशी करत नाहीत. तेव्हा ते म्हणाले की भुकेसारखा रोग नाही. उपाशी माणसाला धम्म सांगितला तर तो त्याला समजणार नाही, आणि मी तीस योजने चालून आलो ते त्याच्यासाठीच.

गिरणीत दुसऱ्या पाळीत डबा न खाता काम केलेल्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्या कोणी फोड करून सांगायला नको. आमच्या त्या प्रवचनाच्या दिवशी बाया चार वाजल्यापासून काही न खाता बसल्या होत्या आणि खीर आमचे भाषण संपण्याची वाट पाहत होती. हे आम्हाला नंतर कळले.

सिगाल नावाच्या तरुणाची गोष्टही तशीच आहे. राजगृहाजवळ तो ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत होता. बापाने मरताना सांगितले होते म्हणून. भगवंतांनी त्याला वेड्यात काढले नाही. दिशांना नमस्कार करायचा तर असा कर, म्हणाले. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-चाकर, वरची म्हणजे श्रमण. त्याचीच पूजा घेतली आणि तिच्यातून संसाराचे कर्तव्य सांगितले. आमच्यातले काही कार्यकर्ते नवबौद्ध घरात जाऊन पहिल्या पाच मिनिटांत देव्हाऱ्यावर बोट ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराचे दार बंद होते. आम्हीही तरुणपणी हे केलेले आहे.

सम्राट अशोकांनी तर हे काम राज्यकारभाराच्या पातळीवर नेले. त्यांचे लेख संस्कृतात नाहीत, लोकांच्या प्राकृतात आहेत. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला त्यांचे तुकडे सापडले, ते ब्राह्मी लिपीत आहेत. वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे खरोष्ठी लिपी वापरली, कारण तिकडे तीच वाचली जात होती. कंदहारला ग्रीक आणि अरामी भाषेत लेख कोरले. दगडावर कोरले तरी वाचणारे किती, हेही त्यांना ठाऊक असावे. म्हणून ओडिशातल्या धौली आणि जौगढच्या लेखांत सांगितले आहे की तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून ऐकवावा, मधल्या दिवसांतही वाचावा, ऐकणारा एकटा असला तरी वाचावा.

याच धौली-जौगढबद्दल एक गोष्ट आम्हाला बराच काळ खटकत होती. कलिंगच्या युद्धात लाख माणसे मेली, दीड लाख पकडून नेली, याचा पश्चात्ताप सम्राटांनी तेराव्या शिलालेखात सांगितला आहे. तो लेख इतरत्र सापडतो. पण कलिंगच्या भूमीत, म्हणजे धौली आणि जौगढला, तो कोरलेला नाही. त्याऐवजी तिथे वेगळे लेख आहेत, ज्यांत सगळी माणसे माझी लेकरे आहेत आणि अधिकाऱ्यांनी कोणाला विनाकारण कैदेत टाकू नये, छळू नये, असे बजावले आहे. ही लबाडी म्हणायची का? आम्ही आता असे मानतो की ज्याच्या घरातली माणसे गेली त्याला मेलेल्यांचा आकडा ऐकवून काय मिळणार? त्याला उद्यापासून अधिकारी कसा वागेल हे कळायला पाहिजे. तरी आमच्या एका मित्राचे म्हणणे असे की माफी मागायची ती ज्यांचे नुकसान केले त्यांच्यासमोरच मागायला पाहिजे होती. त्याचेही खोडता येत नाही.

मधली शतके ओलांडून पुण्याला येऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला. शेतकऱ्याला आणि माळी-कुणब्याला निबंध वाचायची सवय नाही, पण पोवाडा ऐकायची आहे, हे त्यांनी ओळखले. १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक उघडून बघा. आत जोतीराव आणि धोंडिबा यांचे सवाल-जबाब आहेत. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, अगदी कट्ट्यावर बसून बोलावे तसे. पण त्याच पुस्तकाला प्रस्तावना आहे ती इंग्रजीतही आहे, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी शिक्षणाबद्दल निवेदन दिले तेही इंग्रजीत. सरकारला जाब विचारायचा तर सरकारच्या भाषेत, आपल्या माणसाला जागे करायचे तर धोंडिबाच्या भाषेत.

आता आपल्या कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू छत्रपतींनी हुकूम पुष्कळ काढले. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्या देशाला माहीत आहे. पण हुकूम गॅझेटात छापला जातो आणि गॅझेट वाचतो कोण? महाराजांना आपली रयत चांगली ठाऊक होती. रयत वाचत नाही, रयत बघते. राजा कोणाच्या हातचे खातो हे बघते.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला, तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतलाच, शिवाय गंगारामांना मदत देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? कोणी फिरकेना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले. स्वतः चहा मागवायचे आणि गाडीतल्या बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी पुढे केलेला कप नाही म्हणायची कोणाची छाती होती? भर रस्त्यावर, दहा माणसांच्या डोळ्यांदेखत हे चालायचे. अस्पृश्यतेवर शंभर व्याख्याने दिली असती तर कोल्हापूरच्या त्या रस्त्यावरच्या माणसाने ऐकून सोडून दिली असती. कप मात्र त्याला दिसला, आणि घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलाच असणार.

परमपूज्य बाबासाहेबांचे 'मूकनायक' पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत परळहून निघाले. महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या वेळी बाबासाहेब अमेरिकेत शिकून आलेले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. आदल्याच वर्षी साऊथबरो समितीपुढे त्यांनी इंग्रजीत साक्ष दिली होती. इंग्रजीत पत्र काढले असते तर साहेब लोकांत वाहवा झाली असती. त्यांनी मराठीत काढले. वर तुकाराम महाराजांच्या ओळी छापल्या. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. काही तरुण आम्हाला विचारतात, बाबासाहेबांनी वारकरी संतांचे शब्द का घेतले? आम्ही उलट विचारतो, १९२० साली आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओठांवर काय होते? भजन होते, अभंग होते. वाचता येणारा वस्तीत एखादाच, तो मोठ्याने वाचणार आणि बाकीचे कंदिलाभोवती बसून ऐकणार. ओळखीच्या शब्दाने कान उघडला की पुढचा नवा शब्द आत शिरतो.

पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकावर एक मजले, प्रत्येक मजला म्हणजे एक जात, आणि वर-खाली जायला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचे. कोलंबियात जातिसंस्थेवर इंग्रजी निबंध वाचलेला माणूस हे लिहितो आहे! परळच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला मजला आणि जिना काय असतो हे शिकवावे लागत नव्हते. बाबासाहेब स्वतः त्याच परळला चाळीत राहत होते.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत माणगावची परिषद झाली. आपल्या कळंब्याहून माणगाव काही फार लांब नाही. दरवर्षी मार्चमध्ये आपली मंडळी जातात. तेव्हा ते कागल जहागिरीतले गाव. २१ आणि २२ मार्च १९२० असे दोन दिवस दक्षिण महाराष्ट्रातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद तिथे भरली. माणगावचे आप्पासाहेब पाटील यांनी पुढाकार घेतला होता. अध्यक्ष अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. खेड्यापाड्यांतून आलेली आपली माणसे त्यांना प्रथमच पाहत होती. कोट-टायमधला हा तरुण आपल्यातला आहे, यावर विश्वास तरी कसा बसावा? शाहू महाराज तिथे आले आणि आपल्या साध्या बोलीत लोकांना म्हणाले की तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढला आहे, हा उद्या सगळ्या हिंदुस्थानचा पुढारी होईल. पदव्यांची यादी त्यांनी वाचली असती तर कोणाला कळली असती? राजाने हाताला धरून दाखवला, ते कळले. महाराजांच्या वाढदिवसाचा सण करावा असा ठरावही त्या परिषदेत झाला. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ ला, महाराज गेले.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बायकांपुढे स्वतंत्र बोलले. पुरुषांच्या सभेत त्यांनी कायदा, धर्मशास्त्र, हक्क यांवर भाषण केले होते. बायकांशी बोलताना ते लुगड्यावर आले, अंगावरच्या जड दागिन्यांवर आले, पोरांच्या शिक्षणावर आले. अमुक पद्धतीने लुगडे नेसता म्हणून लोक तुम्हाला लांबूनच ओळखतात, ती खूण टाकून द्या, असा त्यांचा मुद्दा होता. आणि बायकांनी तो तिथल्या तिथे अमलात आणला, नेसण्याची पद्धत बदलली. एवढ्या लवकर अमलात आलेले भाषण आम्हाला तरी दुसरे माहीत नाही.

इथे एक गैरसमज होण्यासारखा आहे. समोरच्याला ओळखून बोलायचे म्हणजे समोरच्याला गोड लागेल ते बोलायचे, असे पुष्कळांना वाटते. निवडणुकीतले पुढारी तसेच करतात. आमच्या वस्तीत आले की जय भीम, पलीकडच्या गल्लीत गेले की दुसरे काही. बाबासाहेबांचा १९३६ चा मे महिना पाहा म्हणजे फरक कळेल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. मंडळातले लोक शिकलेले, सवर्ण, सुधारक. त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी इंग्रजीत भाषण तयार केले. त्यात त्यांच्याच धर्मग्रंथांचे दाखले, युरोपचा इतिहास, सगळे काही. वेदशास्त्रांविरुद्धचा भाग गाळा, असे मंडळाचे म्हणणे पडले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मे रोजी, मुंबईत महार परिषदेत ते धर्मांतरावर बोलले. तेही भाषण लिहून काढलेले, पण मराठीत. म्हणणे तेच, जे लाहोरला सांगायचे होते, किंबहुना एक पाऊल पुढचे. इथे युरोप कमी झाला आणि गावचा पाणवठा आला, मारहाण आली, पोरांची शाळा आली. धर्मांतर हा पोरखेळ नाही हे सांगताना त्यांनी नावाड्याचा दाखला दिला. प्रवासाला निघण्याआधी नावाड्याला किती उतारू येणार याचा अंदाज घेऊन तयारी करावी लागते, तसे किती लोक येणार हे कळल्याशिवाय मला तयारी करता येत नाही, असे ते म्हणाले. आम्ही ती ओळ वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसलो. एवढा मोठा माणूस समोरच्या हमालाला, गिरणीवाल्याला विचारतो आहे की तुम्ही येता का, मग मी नाव काढतो. आणि तयारीला त्यांनी पुढची वीस वर्षे दिली.

भाषणांइतकेच काम जलशांनी केले. सत्यशोधकांनी तमाशाचा साज घेऊन जलसा उभा केला होता. पुढे आपल्या शाहिरांनी तोच घेतला. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा गावोगाव फिरला. ढोलकी तीच, सवाल-जबाब तोच, पण गण-गवळणीतला आशय बदलला आणि वगात सावकार, पाणवठा, शाळा आली. आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, हे जुने कार्यकर्ते सांगत आले. वामनदादा कर्डकांची गाणी तर आपल्या घराघरांत आहेत. आमच्या आईला अक्षर ओळख नव्हती. बाबासाहेबांचे चरित्र तिला पाठ होते, ते सगळे गाण्यांतून. आम्ही पुस्तक वाचून एखादे साल चुकीचे सांगितले तर ती गाणे म्हणून दुरुस्त करायची.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी पालीत त्रिशरण-पंचशील घेतले आणि लगेच ते मराठीतही म्हटले. मग समोरच्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा मराठीतून म्हणवून घेतल्या. पाली पवित्र आहे, ती राहिलीच पाहिजे. पण आपण काय सोडतो आणि काय स्वीकारतो हे प्रत्येकाला आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत म्हणता आले पाहिजे, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची सुरुवात त्यांनी लोकांच्या मनातल्या प्रश्नापासून केली, की हा कार्यक्रम नागपुरातच का घेतला. मेलेली ढोरे ओढण्याचा प्रश्नही घेतला, कारण त्यावरून वस्त्यावस्त्यांत वाद चालू होता. आणि ज्या ग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत तपासले, तो 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांनी इंग्रजीत लिहिला, कारण तो सगळ्या जगापुढे ठेवायचा होता. ते १९५७ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. आपण वर्षावासात वाचतो तो त्याचा मराठी अनुवाद.

आणि इथे आम्ही पुन्हा आमच्या विहारात येतो. वर्षावासात ग्रंथाचे वाचन व्हायचे ते असे : एकाने माईकवर एक अख्खे प्रकरण वाचायचे, बाकीच्यांनी हात जोडून बसायचे. आषाढी पौर्णिमेला विहार भरलेला, भाद्रपदात निम्मा, शेवटी शेवटी वाचणारा आणि पाच-सहा बाया. तरुण पोरे बाहेर कट्ट्यावर मोबाईल घेऊन. कमिटीच्या बैठकीत दरवर्षी ठरायचे की समाजात जागृती राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही बैठकीत उभे राहून म्हटले की एका वेळी दोनच पाने वाचू, थांबू, आणि बसलेल्यांना बोलू देऊ. वेळही बदलू, बायांचा स्वयंपाक उरकल्यावर बसू आणि चहा आधी देऊ. यावर केवढे रामायण झाले म्हणता! एक ज्येष्ठ सभासद संतापून म्हणाले, बाबासाहेबांच्या ग्रंथाचे तुम्ही तुकडे करता? आम्ही त्यांना आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली नाही. तिसऱ्या बैठकीत त्यांच्या सूनबाईच म्हणाल्या, "मामा, करून तर बघू या एक वर्ष." मग ते गप्प बसले.

पहिले काही दिवस कोणी बोलेना. दोन पाने वाचून थांबले की सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. वाचायला आम्ही एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवले होते. एके दिवशी किसा गोतमीचा प्रसंग आला. पोर मेलेले, ती औषध मागत फिरते आणि भगवंत तिला मोहरी आणायला सांगतात, पण ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातूनच. मुलीने वाचन थांबवले. मागच्या रांगेत बसलेली एक बाई, जी कधी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाली, "माझा बारका गेला तवा मीबी अशीच हिंडल्ये." नंतर दुसरी बोलली. मग एक बाप्या बोलला. बाहेरच्या कट्ट्यावरची दोन पोरे दाराशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी दोन पाने पुरी झाली नाहीत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वाचावे लागले. आम्ही टिपणे करून आणलेली वही पिशवीतच राहिली.

ज्या म्हातारीने आम्हाला विचारले होते ती आता हयात नाही. वाचणारी ती मुलगी तिची नात आहे.